सॉफ्टवेअरचा अर्थ कसा मांडावा: डिझाइन करणाऱ्यांसाठी कार्यपद्धती

एखाद्या विक्री-प्रणालीच्या डेटाबेसमध्ये ‘साठा’ नावाचा कॉलम आहे आणि एका वस्तूसमोर त्यात ५ हा आकडा आहे. संगणकाला एवढी माहिती पुरते. तो त्यातून २ वजा करील, ३ उरले असे लिहील आणि शून्य झाल्यावर खरेदीचे बटण बंद करील. पण हे ५ नग गोदामातल्या फडताळावर आहेत की ग्राहकांच्या ऑर्डरी वजा जाता उरलेले आहेत, परत आलेला फुटका नग त्यांत धरला आहे की नाही, वाटेत असलेला माल मोजला आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे कोडमध्ये सलग कुठेही लिहिलेली नसतात. ती कुणाच्या तरी डोक्यात असतात, आणि पुष्कळदा दोन माणसांच्या डोक्यांत दोन वेगवेगळी असतात.

डिझाइन म्हटले की चौकोन आणि बाण यांच्या आकृत्या डोळ्यांसमोर येतात. त्या आकृत्यांचा उपयोग आहेच, परंतु येथे मांडलेली पद्धत त्याआधीच्या टप्प्याची आहे. प्रणालीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीचा अर्थ साध्या वाक्यात लिहायचा, ते वाक्य खरे आहे का हे कोडशी आणि प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहायचे, आणि वाक्य अडखळत असेल, त्याला ‘पण’, ‘मात्र’, ‘काही वेळा’ अशी ठिगळे लावावी लागत असतील, तर वाक्य न सजवता सॉफ्टवेअर बदलायचे. यातली शेवटची पायरी गाळली तर उरते ते निव्वळ दस्तऐवजीकरण, जे काम संपल्यावर कंटाळत लिहिले जाते आणि पुढे कुणी वाचत नाही.

नामांपासून सुरुवात करावी

कोडमध्ये, डेटाबेसमध्ये आणि पडद्यावर वारंवार येणाऱ्या नामांची यादी करावी: साठा, ऑर्डर, ग्राहक, परतावा वगैरे. यादी लांबलचक झाली तरी बहुतेक प्रणालींचा डोलारा त्यातल्या मोजक्याच नामांवर उभा असतो, आणि ती कोणती हे लगेच ध्यानात येते. त्या प्रत्येकासमोर ‘अमुक म्हणजे’ अशी सुरुवात करून एक वाक्य लिहावे. वाक्याची कसोटी अशी की ज्याला प्रोग्रामिंग येत नाही, पण ते काम मात्र पुरते ठाऊक आहे, अशा माणसाने प्रत्यक्ष परिस्थिती पाहून ‘हे खरे’ किंवा ‘हे खोटे’ असे सांगता आले पाहिजे.

‘साठा म्हणजे उपलब्ध वस्तूंची संख्या’ हे वाक्य या कसोटीला उतरत नाही, कारण ‘उपलब्ध’ या शब्दाआड सगळे प्रश्न जसेच्या तसे लपून राहतात. ‘साठा म्हणजे गोदामात या क्षणी प्रत्यक्ष असलेल्या आणि विकण्याजोग्या स्थितीतल्या नगांची संख्या’ हे वाक्य उतरते, कारण गोदामपाल फडताळापाशी जाऊन नग मोजू शकतो आणि आकडा जुळला की नाही ते सांगू शकतो.

वाक्य लिहून झाले की कोडकडे वळावे, आणि ज्या ज्या ठिकाणी हा कॉलम बदलतो तिथे तिथे वाक्य खरे राहते का ते पाहावे. समजा, ग्राहकाने २ नगांची ऑर्डर देताच साठा ५ वरून ३ होतो. माल अजून जागचा हललेलाही नाही, फडताळावर ५ नग आहेत, म्हणजे वाक्य इथेच खोटे पडले. दुपारी गोदामपाल मोजदाद करतो. त्याला समोर ५ नग दिसतात आणि पडद्यावर ३, म्हणून तो प्रामाणिकपणे आकडा दुरुस्त करून ५ करतो. त्या क्षणी आधीच विकलेले २ नग पुन्हा विक्रीला निघतात, आणि संध्याकाळपर्यंत ५ नगांवर ७ नगांच्या ऑर्डरी येऊन बसतात.

या प्रकारात गोदामपालाचे काही चुकलेले नाही आणि कोडची कोणतीही एक ओळ दाखवून ‘बग इथे आहे’ असेही म्हणता येत नाही. वजाबाकी बरोबर होती, दुरुस्तीही बरोबर होती. विक्री विभाग त्या कॉलमला ‘अजून विकता येतील असे नग’ समजत होता आणि गोदाम त्यालाच ‘फडताळावरचे नग’ समजत होते. अशा तक्रारी ‘साठा कधी कधी चुकतो’ या सदरात वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि त्यांवर रोज रात्री आकडे जुळवणारी स्क्रिप्ट चालवण्याचा तोडगा काढला जातो. माझ्या मते हा रोगापेक्षा इलाज भयंकर, कारण ती स्क्रिप्टसुद्धा दोहोंपैकी एकच अर्थ गृहीत धरून दुसऱ्यावर पाणी फिरवते.

यावरचा खरा उपाय म्हणजे दोन अर्थांना दोन नामे देणे. ‘प्रत्यक्ष साठा’ म्हणजे फडताळावरचे विकण्याजोगे नग; ‘राखीव’ म्हणजे स्वीकारलेल्या, पण अद्याप न पाठवलेल्या ऑर्डरींतील नगांची बेरीज. ‘विक्रीयोग्य’ हा तिसरा आकडा साठवू नये, लागेल तेव्हा पहिल्यातून दुसरा वजा करून काढावा, कारण जो आकडा हिशेबाने मिळतो तो वेगळा साठवला की कधी ना कधी मूळ आकड्यांशी त्याचे भांडण होते. वेगासाठी तो साठवणे भाग पडलेच, तर ‘ही केवळ प्रत आहे आणि वाद झाल्यास मूळ आकडे खरे’ हेही त्याच्या वाक्यात लिहावे.

इथे बहुतेक जण थांबतात, परंतु पुढचा प्रश्न अधिक शिकवणारा आहे. ‘राखीव’ हा आकडा ‘प्रत्यक्ष साठ्या’पेक्षा कधीच जास्त नसावा, असा नियम मनात येतो आणि उत्साही डेव्हलपर डेटाबेसमध्ये तसा कन्स्ट्रेंटही, म्हणजे नियम मोडणारी नोंद नाकारणारी अटही, लावून टाकतो. मग एके दिवशी ५ पैकी ३ नग पाण्याने भिजतात. राखीव ४ आहेत. गोदामपाल प्रत्यक्ष साठा २ नोंदवायला जातो आणि प्रणाली त्याला ‘अवैध नोंद’ असे उत्तर देते. नग भिजलेले आहेत, ते भिजले नाहीत असे म्हणण्याचा अधिकार सॉफ्टवेअरला कुणी दिला? दोन प्रकारची विधाने इथे एकात एक मिसळली गेली: जगात काय घडले हे सांगणारी, आणि आपण काय करणार हे सांगणारी. पहिल्या प्रकारची नोंद प्रणालीने नाकारता कामा नये, ती खरी असेल तर घ्यावीच लागते. दुसऱ्या प्रकारची, उदाहरणार्थ नवी ऑर्डर स्वीकारणे, ती आपल्या नियमानुसार खुशाल नाकारावी. नवा नियम असा लिहिता येईल: ‘राखीव नग प्रत्यक्ष साठ्यापेक्षा जास्त झाले, तर त्या फरकाला तूट म्हणावे, तूट असेपर्यंत त्या वस्तूची नवी ऑर्डर स्वीकारली जात नाही, आणि तूट का आली याची नोंद असते.’ ‘तूट’ हे नाम आधीच्या यादीत नव्हते. लिहिता लिहिता नवे नाम हाती लागणे ही काम बरोबर चालल्याची खूण समजावी.

क्रियापदांचा करार लिहावा

नामांनंतर क्रियापदे घ्यावीत. एखादी क्रिया सुरू होण्यापूर्वी काय खरे असले पाहिजे आणि संपल्यावर काय खरे असेल, अशा विधानांनी प्रोग्रामचा अर्थ सांगण्याची रीत रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये मांडली आणि टोनी होअर यांनी १९६९ मध्ये तिला तर्कशास्त्राचे नियम दिले. त्यांचा उद्देश गणिती सिद्धतेचा होता. रोजच्या कामात सिद्धतेपर्यंत जाण्याची गरज क्वचितच पडते, पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन ओळी लिहिण्याची शिस्त मात्र कुठेही उपयोगी पडते. मी त्यात तिसरी ओळ घालण्याचा आग्रह धरीन: काय बदलत नाही.

‘ऑर्डर रद्द करणे’ ही क्रिया घेऊ. आधी: ऑर्डर स्वीकारलेली आहे आणि तिचा माल पाठवलेला नाही. नंतर: ऑर्डर रद्द स्थितीत आहे आणि तिच्यासाठी राखून ठेवलेले नग मोकळे झाले आहेत. न बदलणारे: प्रत्यक्ष साठा. ही तिसरी ओळ लिहिलेली नसली की कुणीतरी सद्भावनेने रद्द झालेल्या ऑर्डरीचे नग प्रत्यक्ष साठ्यात ‘परत’ मिळवतो, आणि फडताळावर कधीच न आलेले नग पडद्यावर दिसू लागतात.

आता हीच क्रिया दोनदा आली तर? नेटवर्क मध्येच तुटल्यामुळे ग्राहकाच्या मोबाइलने तीच विनंती पुन्हा पाठवणे ही नेहमीची गोष्ट आहे. दुसऱ्यांदा विनंती आली तेव्हा ‘ऑर्डर स्वीकारलेली आहे’ ही पूर्वअट मोडलेली असते. उत्तर म्हणून त्रुटी द्यायची की ‘झाले’ म्हणायचे, हे क्रियेचा अर्थ कसा लिहिला यावर अवलंबून राहते. ‘रद्द करणे म्हणजे राखीव आकड्यातून ऑर्डरीचे नग वजा करणे’ असे लिहिले असेल, तर दुसरी विनंती आकडा बिघडवते. ‘रद्द करणे म्हणजे ही ऑर्डर रद्द स्थितीत आहे याची खात्री करणे, आणि राखीव आकडा हा रद्द न झालेल्या ऑर्डरींवरूनच काढणे’ असे लिहिले, तर ती विनंती दहा वेळा आली तरी काही बिघडत नाही. वाक्याचा साचा बदलला की प्रोग्रामची रचना बदलते, ती अशी. म्हणून शक्य तिथे ‘इतक्याने वाढवा’, ‘इतक्याने कमी करा’ अशा क्रियांऐवजी ‘अशी स्थिती असू दे’ अशा क्रिया निवडाव्यात.

पूर्वअटीतल्या शब्दांनाही तीच कसोटी लावावी. ‘माल पाठवला’ म्हणजे पत्त्याची चिठ्ठी छापली तेव्हा, पेटी बांधली तेव्हा, की वाहतूकदाराने ती ताब्यात घेतली तेव्हा? हा निर्णय डेव्हलपरचा नव्हे. तो काम जाणणाऱ्याला विचारावा, आणि त्याने ‘तिन्ही एकच’ असे म्हटले, तर पेटी बांधून झाल्यावर गाडीच आली नाही, अशा दिवशी काय करता हे विचारावे.

एकक आणि मर्यादा

आकड्याचे एकक सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ पूर्ण होत नाही. नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचले आणि कायमचे हरवले. पृथ्वीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या (यानाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले होते, आणि ते वापरणाऱ्या सॉफ्टवेअरने न्यूटन-सेकंद धरून हिशेब केला होता. दोहोंत सुमारे ४.४५ पटीचा फरक पडतो. मेट्रिक एकके वापरावीत असे दोन्ही भागांमधल्या करारात लिहिलेले होते, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे. अर्थ कागदावर होता, पण आकड्याबरोबर प्रवास करीत नव्हता. म्हणून एकक हे नावात किंवा टाइपमध्येच (कोडमध्ये जाहीर केलेल्या मूल्याच्या प्रकारातच) असावे: ‘आवेग’ असे नाव न देता ‘आवेग_न्यूटन_सेकंद’ असे द्यावे, आणि भाषा परवानगी देत असेल तर दोन एककांचे दोन वेगळे टाइप करावेत, जेणेकरून ती मिसळली तर कंपायलरच (कोड चालण्याआधी तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) अडवील. वेळेच्या फील्डला टाइमझोन सांगावा आणि टक्क्याच्या फील्डमध्ये १५ लिहायचे की ०.१५, हेही सांगावे.

मर्यादेचेही तसेच. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुमारे ४० सेकंदांत संपले. ६४ बिटांच्या दशांश संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर करताना ती संख्या ३२,७६७ या कमाल मर्यादेत मावली नाही आणि दिशादर्शक प्रणाली बंद पडली. तो कोड एरियन ४ वरून आलेला होता, आणि त्या अग्निबाणाच्या वेगासाठी ही संख्या मर्यादेबाहेर जाणारच नाही, असा विचार करूनच तिथे संरक्षण घातलेले नव्हते. म्हणजे गृहीतक एके काळी खरे होते. चौकशी अहवालात नोंद आहे की या निर्णयाचे समर्थन सोर्स कोडमध्ये थेट कुठे आढळले नाही. दुसऱ्या प्रणालीतून कोड उचलताना त्याबरोबर ही गृहीतके येत नाहीत. ती मुद्दाम आणावी लागतात. ‘ही संख्या अमुक आणि तमुक यांच्या दरम्यान राहते, कारण...’ हे वाक्य त्या ओळीला लागूनच असावे, आणि ‘कारण’नंतर ज्या परिस्थितीवर भिस्त आहे तिचे नाव असावे.

रिकाम्या जागेचा अर्थ

टोनी होअर यांनी १९६५ मध्ये एका भाषेची रचना करताना नल रेफरन्सची, म्हणजे कशाकडेही न दाखवणाऱ्या रिकाम्या संदर्भाची, सोय केली, कारण ती करणे फार सोपे होते, आणि २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. ऑर्डरीच्या टेबलमधला ‘पोहोच तारीख’ हा कॉलम रिकामा आहे, तर माल अजून पोहोचला नाही, की पोहोचला पण तारीख कळली नाही, की वस्तू डाउनलोड करून घ्यायची असल्याने पोहोचवण्याचा प्रश्नच नाही, की ऑर्डर रद्द झाली? चार परिस्थितींना एकच रिकामा चौकोन. शिवाय एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत नलची, म्हणजे रिकाम्या मूल्याची, तुलना कशाशीही केली, अगदी दुसऱ्या नलशी केली, तरी उत्तर ‘खरे’ही येत नाही आणि ‘खोटे’ही येत नाही, ते ‘अज्ञात’ येते. त्यामुळे ‘ज्यांचा शेरा तातडी असा नाही त्या ऑर्डरी दाखवा’ अशी क्वेरी लिहिली, की शेराच नसलेल्या ऑर्डरी निमूटपणे यादीतून गळतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

रिकामे राहू शकणाऱ्या प्रत्येक कॉलमसमोर ‘रिकामे म्हणजे...’ हे वाक्य लिहावे. त्यात ‘किंवा’ आले, तर स्थितीसाठी वेगळा कॉलम करावा.

सीमा कुठे आखाव्यात

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मधल्या एका लेखात एकाच छोट्या प्रोग्रामचे दोन पद्धतींनी भाग पाडून दाखवले. पहिल्या पद्धतीत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पडले: वाचणे, फिरवणे, क्रम लावणे, छापणे. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक भागाने एक बदलू शकणारा निर्णय स्वतःपाशी लपवून ठेवला. पहिल्या रचनेत साठवणुकीची पद्धत बदलली की जवळपास सगळे भाग बदलावे लागत. दुसऱ्या रचनेत एकच. आजही बहुतेक कोड पहिल्याच पद्धतीने विभागलेला सापडतो, कारण तशी विभागणी सुचायला सोपी असते.

अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर मॉड्यूलसाठी, म्हणजे अशा प्रत्येक भागासाठी, दोन वाक्ये लागतात: ‘हा भाग इतरांना अमुक सांगतो’ आणि ‘हा भाग अमुक कुणालाही कळू देत नाही’. साठ्याच्या मॉड्यूलपुरते बोलायचे तर तो ‘या वस्तूचे आत्ता इतके नग विकता येतील’ एवढे सांगतो; राखीव नग किती वेळाने आपोआप मोकळे होतात आणि एकापेक्षा जास्त गोदामांतून बेरीज कशी होते, हे तो कळू देत नाही. दुसरे वाक्य लिहिता येत नसेल तर तो मॉड्यूल म्हणजे फाइलींचा गठ्ठा आहे, एवढेच समजावे. पहिले वाक्य दुसऱ्या मॉड्यूलचे नाव घेतल्याखेरीज पूर्ण होत नसेल तर दोहोंमधली सीमा चुकीच्या जागी पडली आहे, किंवा तिथे सीमा असण्याचे कारणच नाही.

कारणे कोडमध्ये दिसत नाहीत

समजा, राखीव नग ३० मिनिटांनी मोकळे होतात. हे कोड वाचून कळते. ३० च का, १० मिनिटे करून पाहिली होती का, ती का सोडून दिली, हे कोड कितीही वाचला तरी कळत नाही. पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये असे मांडले की प्रोग्रामिंगचे खरे फलित म्हणजे प्रोग्राम करणाऱ्यांच्या मनात तयार होणारा सिद्धान्त: प्रोग्राम जगातल्या कामाशी कसा जुळतो, तो असाच का आहे आणि नवी मागणी आल्यास तो कुठे वाकवावा, याची समज. ती समज असलेली मंडळी पांगली की प्रोग्राम चालत राहिला तरी मृत होतो, आणि केवळ कागदपत्रांवरून तिला पुन्हा उभे करता येत नाही, असे त्यांचे मत होते.

हे मत मानले तर सर्व काही लिहून ठेवण्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो, असे कुणी म्हणू शकेल. मला तसे वाटत नाही. लिहिल्याने समज दुसऱ्याच्या डोक्यात जशीच्या तशी उतरत नाही हे खरे, पण ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात तरी नीट बसते, आणि वाचणाऱ्याला नेमका कोणता प्रश्न विचारावा ते कळते. म्हणून वाक्ये लिहिण्याबरोबर ती बोलून दाखवण्याचीही सवय ठेवावी: नव्याने आलेल्या सहकाऱ्याला यादीतले एक नाम आणि एक क्रिया समजावून सांगावी, दुसऱ्या दिवशी त्याने ती आपल्याला समजावून सांगावी, आणि तो जिथे अडखळेल तिथे आधी आपल्या वाक्यावर संशय घ्यावा.

निर्णयांची टिपणे कोडच्या शेजारी, त्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठवणीच्या जागेत), छोट्या मजकूर-फाइलींच्या रूपात ठेवण्याची पद्धत मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवली आणि ती बरीच रूढ झाली आहे. टिपणात परिस्थिती, निर्णय आणि परिणाम एवढे पुरते. मी त्यात नाकारलेले पर्याय आणि ‘अमुक बदलले तर हा निर्णय पुन्हा तपासावा’ अशी एक ओळ जोडतो. एरियनच्या बाबतीत हवी होती ती नेमकी हीच ओळ. प्रत्यक्षात निर्णय वेड्यावाकड्या वाटेने झालेला असतो, तरी टिपण सरळ लिहायला हरकत नाही. पार्नास आणि पॉल क्लेमंट्स यांनी १९८६ मध्ये तर उघडच सांगितले की रचना आदर्श क्रमाने कधीच होत नाही, पण ती तशी झाली असावी अशा रीतीने कागदपत्रे लिहावीत, कारण वाचणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो.

वाक्य कुठे ठेवावे

लिहिलेले वाक्य खोटे पडले की ज्या ठिकाणी सर्वांत आधी आरडाओरडा होईल, त्या ठिकाणी ते ठेवावे. टाइपमध्ये मावत असेल तर टाइपमध्ये, नाहीतर डेटाबेसच्या कन्स्ट्रेंटमध्ये, तेही जमत नसेल तर टेस्टमध्ये (कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये), आणि हे तिन्ही उपाय थकले की कॉमेंटमध्ये. कॉमेंट खोटी झाली तरी प्रोग्राम चालतच राहतो, म्हणून ती शेवटी. टेस्टला ‘रद्द_टेस्ट_२’ असे नाव देण्यापेक्षा ‘ऑर्डर_रद्द_केल्यावर_प्रत्यक्ष_साठा_बदलत_नाही’ असे द्यावे. मग टेस्टच्या नावांची यादी वाचली की करारच वाचल्यासारखा होतो, आणि एखादे दिवशी टेस्ट लाल झाली, म्हणजे फसली, तर कोणते वाक्य मोडले ते नावावरूनच कळते. कारणे मात्र टाइपमध्ये आणि टेस्टमध्ये बसत नाहीत. त्यांची जागा टिपणात किंवा कॉमेंटमध्येच.

सगळ्याच गोष्टींसाठी एवढा उपद्व्याप करू नये. एका फंक्शनच्या आत जन्मून तिथेच संपणाऱ्या व्हेरिएबलला बरे नाव दिले की झाले. कष्ट घ्यावेत ते डेटाबेसच्या रचनेवर, एपीआयवर (इतर प्रोग्राम जिथून आपल्या प्रोग्रामचा वापर करतात त्या दारावर) आणि फाइलींच्या स्वरूपावर, कारण या गोष्टी लिहिणाऱ्याच्या हातातून सुटतात आणि कोडपेक्षा जास्त जगतात. कोणत्या पानावरून वाचक आला हे सर्व्हरला सांगणाऱ्या ‘रेफरर’ या हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर गळाले आणि १९९६ मध्ये एचटीटीपी या वेबच्या संवाद-नियमांच्या १.० आवृत्तीच्या अधिकृत दस्तऐवजातही ते तसेच गेले. आज जगभरचे ब्राउझर आणि सर्व्हर तेच स्पेलिंग पाळतात. स्पेलिंगची चूक निभावून नेता येते, कारण अर्थ सगळ्यांना एकच माहीत आहे. अर्थाची चूक अशा ठिकाणी गेली तर प्रत्येक वापरणारा आपापली समजूत काढतो, आणि मग त्यातली कोणतीही एक समजूत खरी ठरवली तरी बाकीच्यांचे काम मोडते.

चालू प्रणालीत अर्थ बदलताना

नव्या प्रणालीपेक्षा जुन्या प्रणालीवर ही पद्धत वापरण्याची वेळ जास्त येते. तिथे सर्व नामे एकदम हाती घेऊ नयेत; ज्या नामाबद्दल सर्वांत जास्त तक्रारी येतात, ते एक घ्यावे. वापरणाऱ्या प्रत्येक विभागाकडून त्याचे वाक्य स्वतंत्रपणे लिहून घ्यावे, एकत्र बैठकीत घेऊ नये, कारण बैठकीत ज्येष्ठ माणूस बोलला की इतरांची वाक्ये विरघळतात. मग ती वाक्ये शेजारी शेजारी ठेवावीत आणि जिथे ती भिडतात तिथपासून काम सुरू करावे.

अर्थ बदलायचे ठरले तर नाव बदलावे. ‘साठा’ हे नाव तसेच ठेवून आजपासून त्याचा अर्थ ‘प्रत्यक्ष साठा’ असा धरावा, ही पळवाट सर्वांत महाग पडते, कारण जुना अर्थ धरून लिहिलेला कोड विनातक्रार चालत राहतो. नाव बदलले की तो कोड मोडतो, आणि मोडलेली प्रत्येक जागा म्हणजे तपासायची एक जागा हाती येते. बाहेरची मंडळी जुने नाव वापरत असतील तर काही काळ दोन्ही नावे चालू ठेवावीत, जुन्या नावाचा जुनाच अर्थ राखावा, आणि ते कधी बंद होणार याची तारीख आधी कळवावी.

राहिला प्रश्न जुन्या नोंदींचा. ज्या दिवशी अर्थ बदलला त्याआधीच्या ओळी जुन्या अर्थाने लिहिल्या गेल्या होत्या, आणि वर्षाचा अहवाल काढताना दोन्ही अर्थांचे आकडे एका बेरजेत पडतात. प्रत्येक ओळ कोणत्या अर्थाची आहे हे सांगणारी तारीख किंवा आवृत्ती-क्रमांक तिच्यासोबत असावा. जुन्या ऑर्डरी शिल्लक असतील तर त्यांवरून राखीव नगांचा हिशेब करून जुने आकडे नव्या अर्थात बदलता येतात, आणि तसे केल्यास बदललेल्या ओळींवर तशी खूणही करावी. ऑर्डरी शिल्लक नसतील तर ते आकडे ‘प्रत्यक्ष साठा’ या नव्या कॉलममध्ये ढकलू नयेत. ते ‘साठा_जुना’ या नावाने वेगळे ठेवावेत आणि नव्या अहवालाची सुरुवात बदलाच्या तारखेपासूनच करावी, मग आलेखाचा डावा भाग रिकामा दिसला तरी चालेल.